वाचणारी

साहेबांनी कागद माझ्या हातात दिला तेव्हा माझ्या कडेवर भिवा होता. भिवा म्हणजे माझा धाकटा भाऊ, दीड वर्षाचा. खाली ठेवला की रडायचा. म्हणून मी त्याला एका हातानं सावरलं आणि दुसऱ्या हातात कागद धरला.

"वाच, बाळ," साहेब म्हणाले. "मोठ्यानं वाच. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

बिरोबाच्या देवळापुढं आमची अकराही घरं जमली होती. आमची झोऱ्यांची वस्ती धनगरांची, डोंगराच्या अर्ध्यावर. म्हशी, थोडी नाचणी, थोडी वरी आणि वस्तीच्या मागं बारमाही झरा. खाली नदीवर धरणाची भिंत उभी राहिली होती. दोन पावसाळ्यांत पाणी आमच्या उंबऱ्याला लागणार असं सगळे सांगत होते. सहा वर्षं आमची माणसं तालुक्याला खेपा घालत होती. पहाटे निघायचं, कचेरीच्या पायऱ्यांवर बसायचं, फडक्यातली भाकरी तिथंच खायची आणि साहेब भेटले नाहीत की परत डोंगर चढायचा. मागणं एकच होतं. धरणाचं पाणी ज्या शेतांना मिळणार, त्या भागात आम्हाला जमीन द्या, मग आम्ही उठतो.

त्या दिवशी साहेबच वर आले. बरोबर सर्कल भाऊसाहेब होते आणि शाईची डबी घेतलेला एक शिपाई. साहेबांनी आधी कागद स्वतः वाचला, पण इतका भराभर की वारा आल्यासारखा तो आला आणि गेला. मग बायजाकाकी पुढं झाली. ती विधवा होती, आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, चुलत भावजय, आणि तालुक्याच्या एकाही खेपेला तिनं घरी राहणं पत्करलं नव्हतं.

"तुमचं वाचून झालं," ती म्हणाली. "आता आमची पोरगी वाचंल. जानूची सगुणा. सहावीत हाय ती."

सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. मला वाटलं ते हसतील किंवा रागावतील. तसं काही झालं नाही. त्यांनी रुमालानं मान पुसली आणि कागद माझ्यापुढं केला.

मी अकरा वर्षांची होते. वस्तीत वाचता येणारी मी एकटीच. तेही कुणी ठरवून शिकवलं म्हणून नव्हे. सहा वर्षांची असताना मला बाजारच्या गावी मावशीकडं ठेवलं होतं, तिचं तान्हं सांभाळायला. मावशीचं घर शाळेला लागून होतं. गुरुजींनी तिला सांगितलं, पोरगी बाळाला घेऊन मागं बसली तरी चालेल. मी चार वर्षं मागं बसले. मावशीचं मूल मोठं झालं, मला घरी पाठवलं. तोवर मला वाचता येत होतं. आबांनी मग मला खालच्या गावातल्या शाळेत घातलं. रोज दीड तास उतरायचं आणि दोन तास चढायचं.

वाचता येतं म्हटल्यावर वस्तीतलं जे जे लिहिलेलं होतं ते माझ्याकडं यायला लागलं. म्हशीच्या औषधाची बाटली, रेशनचं कार्ड, मुंबईला गोदीत कामाला गेलेल्या कुणाचं पत्र, कचेरीची नोटीस. मी शाळेतून येऊन पाटी ठेवायच्या आधी कुणीतरी दारात बसलेलं असायचं. एकदा कोंडूनानांनी नोटीस आणली. कोंडूनाना म्हणजे वस्तीतले सगळ्यांत वडील. तिच्यातला एक शब्द मला कळला नाही. मी म्हणाले, "हे मला येत नाही."

"मंग शाळंत काय करतीस?" नाना म्हणाले. रागानं नव्हे, दमल्यासारखं म्हणाले. पण आबा शेजारी बसले होते, आणि त्यांनी खाली पाहिलं. त्यानंतर मी कुणालाही येत नाही असं म्हणाले नाही. नाही कळलं तर आजूबाजूच्या शब्दांवरून जुळवून सांगायची. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

मी कागद वाचायला सुरुवात केली. आम्ही खाली अंगठे करणार, मौजे अमुक, तालुका अमुक. इथपर्यंत ठीक होतं. मग एक लांबच लांब वाक्य आलं.

"सदर प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातील पर्यायी जमिनीवरील आमच्या हक्काचा आम्ही राजीखुशीने परित्याग करीत असून, जलाशयाच्या वरील बाजूस स्थलांतरित होण्यास आमची संमती आहे. याबाबत भविष्यात आमची कोणतीही तक्रार राहणार नाही."

परित्याग. तो शब्द मी बाकीच्यांपेक्षा मोठ्यानं वाचला आणि पुढं गेले.

वाचून झालं. ऊन डोक्यावर आलं होतं. सकाळपासून बायका-माणसं उभी होती. भिवा माझ्या केसांशी खेळत होता आणि मध्येच ओढत होता.

"म्हंजी काय म्हनतोय कागद?" कोंडूनानांनी विचारलं.

"लाभक्षेत्रातली जमीन आहे," मी म्हणाले. "तिच्यावरच्या आपल्या हक्काचं लिहिलंय. आणि आपण आता वर सड्यावर जायचं."

"म्हंजी आता वर जायचं आन् जमीन मागनं मिळनार. व्हय का?"

मी साहेबांकडं पाहिलं. ते रुमालाची घडी घालत होते. सर्कल भाऊसाहेब पायानं माती उकरत होते.

"हो," मी म्हणाले.

"बघ नीट," बायजाकाकी म्हणाली. "पुन्यांदा वाचतीस का?"

मी पुन्हा वाचण्यासाठी कागद वर धरला. तेवढ्यात आबा गर्दीतून पुढं आले. माझे आबा, जानू झोरे, कधी पुढं येणाऱ्यांतले नव्हते. तालुक्याला गेले तरी पायरीच्या टोकाला बसायचे. त्यांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला, शिपायापुढं वाकले आणि शाईच्या डबीत अंगठा बुडवला.

"कुठं करू?" त्यांनी विचारलं.

भाऊसाहेबांनी जागा दाखवली. आबांनंतर कोंडूनाना, मग बाकीचे, शेवटी बायजाकाकी. अर्ध्या तासात सगळं उरकलं. जाताना साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हुशार आहेस. शाळा सोडू नकोस," म्हणाले. मला ते आवडलं, हेही सांगितलं पाहिजे.

घराकडं जाताना आबांनी भिवाला माझ्या कडेवरून घेतलं. एरवी ते त्याला कधी घ्यायचे नाहीत. आई घरी नव्हती. ती म्हशी घेऊन पलीकडच्या पाणवठ्यावर गेली होती. ती आली तेव्हा आबांनी तिला एवढंच सांगितलं, "झालं एकदाचं."

"काय झालं?"

"अंगठं. वर जायचं ठरलं."

तिनं चुलीत लाकडं सरकवली आणि भाकरीचं पीठ घेतलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थांबले. गुरुजी कुलूप लावत होते.

"गुरुजी, परित्याग म्हणजे काय?"

"कुठं वाचलास?"

"एका कागदात."

"सोडून देणं," ते म्हणाले. "पुन्हा मागायचं नाही असं ठरवून सोडून देणं. कुणाचा कागद?"

मी वाटेला लागले. तो चढ मी रोज दोन तासांत चढायची, त्या दिवशी किती वेळ लागला कोण जाणे. घरी आले तेव्हा आबा गोठ्यात शेण भरत होते. मी दाराशी उभी राहिले.

"आबा, कालच्या कागदात एक शब्द होता."

ते वर न बघता म्हणाले, "म्हशीला पानी दाव जा."

"आबा, पण तो शब्द..."

"सगुणा. पानी दाव."

मी पाणी दाखवायला गेले. पुन्हा तो विषय काढला नाही, आणि त्यांनीही काढू दिला नाही.

सड्यावर आम्ही पुढच्या उन्हाळ्यात गेलो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार. सरकारनं पत्र्याच्या शेड उभ्या केल्या होत्या. पावसाळ्यात वारा असा की पत्रे रात्रंदिवस वाजत राहायचे, आणि पाऊस थांबला की पंधरा दिवसांत जमीन कोरडी. झरा नाही, विहीर नाही. खाली धरणाचं पाणी मात्र सगळीकडून दिसायचं. सकाळी चकाकायचं, संध्याकाळी काळं पडायचं. त्या पाण्यापर्यंत उतरायला तास लागायचा आणि डोक्यावर हंडा घेऊन चढायला त्याच्या दुप्पट. आमच्या बायका तो उतार दिवसातून दोनदा करायच्या. दुसऱ्या वर्षी लोकांनी म्हशी विकायला सुरुवात केली. तरणी पोरं मुंबईला, पनवेलला गेली.

त्याच वर्षी आई हंडा घेऊन चढताना घसरली. खुब्याचं हाड मोडलं. चौघांनी तिला घोंगडीत घालून खाली नेलं, नावेनं पलीकडं, तिथून गाडीनं. हाड जुळलं, पण पाय आखूड झाला. त्यानंतर ती कायम एका बाजूला झुकून चालत राहिली. मी तेव्हा तेरा वर्षांची. पाणी आणण्याचं काम माझ्याकडं आलं. शाळा खालच्या गावाबरोबर पाण्यात गेली होती, म्हणून मी वर्षभर घरीच होते. नंतर आबांनी मला मुलींच्या वसतिगृहात नेऊन घातलं. पाणी मग कोण आणायचं हे मी विचारलं नाही. आबाच आणायचे, हे सुट्टीत आल्यावर दिसलं.

त्या कागदावरून मला वस्तीतलं कुणी कधी एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. कोंडूनाना वाटेत दिसले की "काय गं सगुणे, बरी हाईस ना" म्हणायचे आणि पुढं जायचे. आईच्या पायाकडं बघितलं की मला तो शब्द आठवायचा. आणि आबांचं एक बदललं होतं. त्यांनी मला पुन्हा कधी काही वाचायला दिलं नाही. म्हशीचं औषध आणलं तर ती बाटली घेऊन ते दोन तास चालत दुसऱ्या वस्तीवरच्या मास्तरकडं जायचे. घरात मी बसलेली असताना जायचे. ही मला दिलेली शिक्षा आहे, असं मी धरून चालले. ती मला मान्यही होती.

बाविसाव्या वर्षी मी डी. एड. होऊन बाजारच्या गावाजवळ प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. त्याच उन्हाळ्यात देशमाने वकील सड्यावर आले. धरणग्रस्तांची एक संघटना तालुक्यात उभी राहिली होती, तिचं काम ते बघत. आमचा हक्क अजून मागता येईल असं त्यांचं म्हणणं होतं. फक्त ते संमतीपत्र आडवं येत होतं. दुपारी एका शेडमध्ये सगळे जमले. उरलेलेच, म्हातारे जास्त.

"ते संमतीपत्र तुम्हाला कुणी वाचून दाखवलं होतं?" वकिलांनी विचारलं.

कोंडूनाना म्हणाले, "न्हाई. कुनी न्हाई वाचलं."

"व्हय, न्हाईच वाचलं," आणखी कुणीतरी म्हणालं.

बायजाकाकीला तोवर दिसायचं कमी झालं होतं. ती माझ्या दिशेला तोंड करून बसली होती.

"मी वाचलं होतं," मी म्हणाले.

"तुम्ही? तुमचं वय काय होतं तेव्हा?"

"अकरा."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता ते मला दोष देतील. पण त्यांचा चेहरा उजळला. "मग काम झालं," ते म्हणाले. "अल्पवयीन मुलीकडून वाचून घेतलं, तिनं चुकीचा अर्थ सांगितला, त्यावर लोकांनी अंगठे केले. ही संमती टिकणार नाही. प्रत्येक घराचं वेगळं प्रतिज्ञापत्र करू. बाई, तुमचं अक्षर चांगलं असेल. तुम्हीच कच्चं लिहा, मी तालुक्याला टाईप करून घेतो."

म्हणून मी लिहायला बसले. एकेक जण समोर येऊन बसायचा, नाव, वय, किती जनावरं होती, किती उरली ते सांगायचा. मग वकिलांनी सांगितलेलं वाक्य मी घालायची. "सदर संमतीपत्र श्री. जानू झोरे यांची अल्पवयीन मुलगी सगुणा हिने वाचून दाखविले व त्याचा चुकीचा अर्थ सांगितला. त्यावर विसंबून मी अंगठा केला." पहिल्यांदा लिहिताना हात अडला. चौथ्या-पाचव्या घरापर्यंत तसं काही वाटेनासं झालं. ते खरंच होतं.

बायजाकाकीचं लिहून झाल्यावर तिनं चाचपत माझा हात धरला. "तुला ताप झाला का गं हे लिवताना?"

"नाही, काकी."

"लिव मंग. जमीन मिळाली तर पोरंटोरं तरी परत येतील."

दहा झाली. अकरावे आबा. ते दारापाशी उकिडवे बसले होते. समोर यायला त्यांनी वेळ लावला.

"ते वाक्य लिवलंस तू समद्यांच्या कागदात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुझं नाव घालून?"

"वकीलसाहेबांनी सांगितलंय तसं."

"माझ्यात घालू नगंस."

वकील म्हणाले, "जानूभाऊ, तेच तर मुख्य आहे. मुलीला कळलं नाही, तिनं चुकीचं सांगितलं, तुम्ही फसलात."

"मी न्हाई फसलो," आबा म्हणाले.

शेडमध्ये बसलेले सगळे त्यांच्याकडं पाहू लागले.

"तिला येक शबूद आला न्हाई. तवाच कळलं मला. तिला येखादं अडलं की ती मोठ्यांदा वाचती. ल्हानपनापास्नं. माझी पोरगी हाय, मला कळनार न्हाई व्हय?"

"मग तुम्ही विचारलं का नाही?" वकिलांनी विचारलं.

आबांनी दोन्ही हात गुडघ्यांवरून खाली सोडले. "सा वरसं चाललो हुतो, सायेब. इचारलं असतं तर तिनं म्हटलं असतं, येत न्हाई. मंग कागद परत गेला असता. आन् आमी पुन्यांदा त्या पायऱ्या. मला नको झालं हुतं. समद्यांनाच नको झालं हुतं. फकस्त कुनीतरी हो म्हनायला पायजे हुतं. मोठं मानूस कुनी म्हनंना, म्हनून आमी हिला उभी केली. काकी पुन्यांदा वाच म्हनली तवा मला वाटलं, आता ही खरं सांगंल. म्हनून म्होरं झालो आन् पैला अंगठा दिला."

बायजाकाकीनं पदर तोंडाला लावला. कोंडूनाना बाहेर बघत होते.

मला बोलायचं नव्हतं, पण बोलले. "मलाही वाटलं होतं, आबा. तो शब्द चांगला नसणार, असं मला वाटलं होतं. साहेब माझ्याकडं बघत नव्हते. मला नुसतं घरी जायचं होतं."

"तू अकरा वरसांची हुतीस," आबा म्हणाले. "तुला घरीच जायला पायजे हुतं."

वकील हळू आवाजात म्हणाले, "जानूभाऊ, हे सगळं मनात राहू द्या. कागदावर आणू नका. तुम्हाला कळत होतं असं तुम्हीच लिहून दिलंत, तर ती तुमची खरी संमती ठरते. बाकीच्यांचं टिकेल. तुमचं एकट्याचं पडेल."

"मंग पडंल."

"निदान ते वाक्य गाळू. काहीच लिहायचं नाही."

"धा कागदांवर हिचं नाव हाय, सायेब. कोर्टात वाचतील. झोऱ्याच्या पोरीनं फसवलं म्हनून वाचतील. अकराव्या कागदावर काय झालं ते पायजे." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मी सांगतो तसं लिव."

मी लिहिलं. माझ्या मुलीला शब्द कळला नव्हता. ते मला त्याच वेळी कळलं होतं. मी तिला विचारलं नाही. माझा अंगठा मी समजून दिला. तिचा त्यात दोष नाही.

ते बाहेर गेल्यावर मी दाराकडं पाहत राहिले. अकरा वर्षं ते औषधाची बाटली घेऊन दुसऱ्याकडं का जात होते, ते मला त्या दुपारी कळलं.

निकालाला सात वर्षं लागली. वकिलांनी सांगितलं होतं तसंच झालं. दहा घरांची संमती रद्द ठरली आणि त्यांना खाली उसाच्या पट्ट्यात जमीन मिळाली. तोवर बायजाकाकी राहिली नव्हती. कोंडूनाना होते. त्यांना खुर्चीवर बसवून खाली उतरवलं. आबांनी प्रत्येकाला सामान बांधायला मदत केली, दोर आवळून दिले, शेवटच्या घराबरोबर घाटाच्या वळणापर्यंत गेले आणि परत आले. आमचा अर्ज नामंजूर झाला होता. संमती समजून दिल्याचं अर्जदाराला मान्य आहे, एवढंच कारण होतं.

मी आईला माझ्याकडं आणलं. भिवा पुण्याला कंपनीत लागला होता. आबा यायला तयार झाले नाहीत. "हितं येक म्हस हाय," म्हणाले. मी दर रविवारी नावेनं पलीकडं जायची, चढून त्यांना पीठ, तेल, औषधं द्यायची आणि अंधार पडायच्या आत उतरायची. सोमवारी शाळेत फळ्यापुढं उभं राहिलं की पोटऱ्या ठणकायच्या.

अशाच एका रविवारी परत आले. आई पाय पसरून बसली होती. मी तेलाची वाटी घेतली आणि तिच्या खुब्याला चोळायला बसले.

"कसं हाईत?" तिनं विचारलं.

"बरे आहेत. तुला विचारत होते."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "त्या कागदात त्यांनी काय लिवून दिलं हुतं गं? समदी बोलत्यात, मला नीट कुनी सांगितलं न्हाई."

मी सांगितलं. पहिल्या दिवसापासून सगळं, माझ्या बाजूचंही. माझं बोलणं संपलं तेव्हा ती भिंतीकडं बघत होती.

"म्हंजी तुझ्यावरचं त्यांनी उतरवलं," ती म्हणाली.

"हो."

"बरं केलं. ल्हान हुतीस तू." मग जरा थांबून, अजिबात आवाज न चढवता ती म्हणाली, "पर मला कुनी इचारलं न्हाई बघ. वर जातानाबी न्हाई, आन् जमीन सोडतानाबी न्हाई. मी म्हशीला पानी दावायला गेलेली."

वाटीत तेल अजून होतं. मी तिचा दुसरा पाय पुढं घेतला.